पट्टी बदलल्याची तारीख

मी एक जुना बोल्ट आहे, मित्रांनो. लांबीला करंगळीएवढा, जाडीलाही जवळजवळ तेवढाच. कशात तरी घट्ट बसून राहणे, एवढीच बोल्टाची नोकरी. मी मात्र सध्या कशातच बसलेलो नाही. परदेशातल्या सरे नावाच्या शहरात, एका घराच्या बेसमेंटमध्ये, कॉम्प्युटरच्या टेबलावर, पेनांच्या शेजारी आडवा पडलो आहे. एकवीस वर्षे मी एका उंच कड्याच्या पोटात होतो. मी गंजलो नाही, वाकलो नाही, कुणाला दगा दिला नाही. तरी मला उपटले, आणि ज्याने बसवले होते त्यानेच उपटले. हे कसे घडले ते सांगतो. सांगताना आवाज थोडा चढेल, तेवढा चालवून घ्या.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला माहीत नाही. कारखान्यातून बाहेर पडलो तो थेट डब्यात, आणि डबा उघडला तो सरेतल्या हार्डवेअरच्या दुकानात. माझ्या डब्यातले काही भाऊ कुणाच्या घराच्या डेकमध्ये गेले, काही जिन्याच्या कठड्यात. मी आणि माझा एक जोडीदार गेलो शिवाजीच्या खिशात. शिवाजी मूळचा जुन्नरकडचा, सरेत प्लंबिंगची कामे करायचा. त्याचा मित्र नंदन पुण्याचा, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून सॉफ्टवेअर लिहिणारा. दोघांची ओळख महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकमध्ये झाली होती. शेकहँड करताना शिवाजीला त्या सॉफ्टवेअरवाल्याच्या तळहाताला घट्टे लागले. त्याने विचारले, "कडे चढता काय?" तेव्हापासून दोघे शनिवार-रविवार घरी सापडेनासे झाले.

त्यांनी शोधलेला कडा सरेपासून गाडीने तीन तास आणि मग पायी दोन तास. नकाशावर त्याला नाव नव्हते, म्हणून हे त्याला 'भाकरी' म्हणायला लागले. करडा, सपाट आणि मध्ये मध्ये काळे डाग पडलेला. भाकरीच्या मध्यावर एक अरुंद ओटा आहे. तिथे तीन माणसे मांडी घालून बसतील, चौथ्याला पाय खाली सोडावे लागतील. ओट्यापर्यंत चढता येते, पण तिथून चालत कुठेच जाता येत नाही. उतरायचे तर दोर हवा, आणि दोर अडकवायला काहीतरी पक्के हवे. ओट्यावर एक खुरटा पाइन आहे. त्याची मुळे एका भेगेत कशीबशी तग धरून होती. शिवाजीने त्याचे खोड हलवून पाहिले.

"ह्याच्यावर भार नको रे नंदू. मरेल बिचारं," तो म्हणाला. "दोन बोल्ट मारू."

ते दोन बोल्ट म्हणजे मी आणि माझा जोडीदार. दोघांकडे बॅटरीचे ड्रिल नव्हते, आणि सह्याद्रीत ते हातानेच भोके पाडायला शिकले होते. एकाने छिन्नी धरून फिरवायची, दुसऱ्याने हातोडा मारायचा. एकेका भोकाला पाऊण तास लागला. मग नळीने आतली भुकटी फुंकून काढली, मला आत ठोकले, माझ्या टोकावर भोकाची एक पट्टी चढवली आणि नट आवळला. त्या पट्टीला ते हँगर म्हणतात. पट्टीत कडी, कडीत दोर आणि दोरावर माणूस, असा सगळा संसार.

नंदनने खिशातून कागदाची पुडी काढली आणि आम्हा दोघांना कुंकू लावले. सह्याद्रीत नव्या कड्यावर पहिला बोल्ट मारला की ते असेच करायचे. शिवाजीने नारळ फोडला. सरेतल्या ग्रोसरीतला नारळ तो, आतून कोरडा ठणठणीत निघाला. दोघे हसले, आणि मग गुडघ्यांवर बसून त्यांनी करवंटीचा एकेक तुकडा वेचून पिशवीत भरला. इथे जंगलात खाण्याचे काही टाकले की अस्वलांना सवय लागते. पाच मिनिटांनी नंदनने आपले सगळे वजन माझ्यावर टाकले आणि तो खाली उतरू लागला. त्या क्षणी त्याचा माझ्यावर विश्वास बसला. माझाही त्याच्यावर बसला, आणि तिथेच माझी चूक झाली.

पुढची बारा-तेरा वर्षे मी मनापासून काम केले. उन्हाळ्यात माणसे, हिवाळ्यात बर्फ, मधल्या काळात डोंगरशेळ्या. ओट्यावर बसले की माणसे बोलतात, खूप बोलतात, त्यामुळे मला जगाची खबर असायची. कुणाच्या इमिग्रेशनचे पेपर अडकले, कुणाला रेजिना शहरात सरकारी नोकरी लागली, कुणी बेसमेंट भाड्याने दिले. एकदा निहार नावाचा मुलगा विनिपेगहून पाहुणा आला होता. ओट्याच्या जरा वर त्याचा पाय निसटला आणि घोटा मोडला. पाऊस येऊ घातला होता. नंदन आणि शिवाजीने त्याला आमच्या दोघांवर दोर लावून, बाळाला पाळण्यात निजवावे इतक्या सावकाश खाली सोडले. खाली पोचल्यावर निहार वर बघत ओरडला, "थँक यू, बोल्ट्स!" माझे कौतुक झाले ते एवढेच, पण मला ते बरीच वर्षे पुरले.

नंदनची मुलगी जाई नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा ओट्यावर आली. उतरायच्या आधी ती घाबरली. नंदनने तिचा हात धरून माझ्या पट्टीवर ठेवला.

"हलवून बघ. हलतोय?"

"नो."

"मग झालं तर. तो हलला नाही तोवर तू पण घाबरायचं नाही."

त्यानंतर दर वेळी ती उतरताना आधी मला हलवून बघायची. तिचा हात वर्षावर्षाला मोठा होत गेला.

मग तो सगळा डोंगर सरकारने राखीव केला. दोन हजार सोळा साली खाली गाड्या लावतात तिथे पाटी लागली. हा आता वन्य प्रदेश, इथे माणसाने आपली खूण ठेवायची नाही. मित्रांनो, खरे सांगतो, मला ते पटले होते. पलीकडच्या कड्यावर काही मंडळींनी बॅटरीच्या ड्रिलने हातहात अंतरावर बोल्ट ठोकले होते. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे दिसावेत तसे ते लांबून चमकायचे. शेळ्यांनी तिथे यायचेच सोडले. असल्यांना आवर घालायलाच हवा होता. आणि नियमात एक ओळ आमच्यासाठीही होती. सोळा सालाच्या आधी बसवलेले बोल्ट जसे आहेत तसे राहू शकतील, नवे मात्र परवानगीशिवाय बसवायचे नाहीत. नंदनने ती ओळ ओट्यावर बसून शिवाजीला मोठ्याने वाचून दाखवली. आम्ही दोन हजार तीनचे. आम्ही निवांत झालो.

आता या गोष्टीतली महत्त्वाची तारीख येते. मी स्टेनलेस स्टीलचा, पण माझी पट्टी साध्या लोखंडाची होती, वरून जस्ताचा मुलामा दिलेली. घेताना शिवाजीच्या ते लक्षात आले नव्हते. अठरा वर्षांत तिच्या कडेला गंज धरला. नंदनला ते दिसले आणि त्याला चैन पडेना. दोन हजार एकवीसच्या जुलैमध्ये तो नव्या, स्टेनलेसच्या दोन पट्ट्या घेऊन आला. जुन्या काढल्या, माझे आटे ब्रशने साफ केले, नव्या पट्ट्या चढवल्या आणि नट मोजून मापून आवळले. भोक तेच, मी तोच. खाली गेल्यावर त्याने आपल्या वहीत तारीख लिहिली. नंदनची ती वही प्रसिद्ध होती. कुठल्या कड्यावर कुठला बोल्ट, कधी मारला, कधी तपासला, सगळे तिच्यात. शिवाजी त्याला चिडवायचा की तू स्वतःच्या लग्नाची तारीख विसरशील, पण नटाची विसरणार नाहीस.

दोन वर्षांनी सीमा आली. सीमा त्या राखीव प्रदेशाच्या सरकारी खात्यात अधिकारी होती. जन्म रेजिनाचा, आईवडील मूळचे नागपूरचे, मराठी बोलायची जरा अडखळत पण गोड. मंडळाच्या गणपतीत तिची आणि नंदनची भेट झाली होती. खात्याला सगळ्या जुन्या बोल्टांची यादी करायची होती आणि कडे चढणारी मंडळी यादी द्यायला तयार नव्हती. त्यांना भीती वाटत होती. नंदनला वाटली नाही. आपलीच मुलगी आहे, असे तो शिवाजीला म्हणाला. दुसऱ्या कुणी गोऱ्या साहेबाने मागितले असते तर त्याने चार वेळा विचार केला असता. मराठी माणसाने मागितले म्हणून त्याने वहीच काढून दिली.

ती स्वतः बघायला आली. नंदन पुढे चढला, ती मागून दोरावर चढली. ओट्यावर बसून दोघांनी नंदनच्या बायकोने, उमाने, दिलेल्या पोळीभाजीचा डबा खाल्ला. मग तिने मोजपट्टी लावून माझे फोटो काढले.

"काका, हा हँगर नवा दिसतोय?"

"हो ना, ट्वेंटी-वनमध्ये मी चेंज केला. जुन्याला थोडा रस्ट आला होता." नंदनच्या आवाजात चक्क अभिमान होता. "बोल्ट मात्र ओरिजिनल आहे."

"वॉव, किती केअर घेता तुम्ही. ती डेट पण टाका हं फॉर्ममध्ये, म्हणजे रेकॉर्ड कम्प्लीट होईल."

"एक्झॅक्ट डेट आहे माझ्याकडे. आणि यादी दिली की हे सेफ ना?"

"मी बघते ना काका," ती म्हणाली.

आणि मग तिने आपला दोर माझ्या कडीत अडकवला, माझ्यावर वजन टाकले आणि हसत हसत खाली उतरून गेली. तिच्या मनात तेव्हाच काय होते, हे मी सांगू शकत नाही. मी तिला नीट खाली उतरवले एवढे मला माहीत आहे.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर, नंदन आणि शिवाजी ओट्यावर आले. नंदनने फोन काढला आणि त्यावर आलेले पत्र वाचले. इंग्रजीत होते. काका वगैरे काही नाही, 'मिस्टर' आणि आडनाव. आपण दिलेल्या तपशीलवार माहितीबद्दल आभार. आपल्या नोंदीनुसार या दोन बोल्टांचे भाग सोळा सालानंतर विनापरवानगी बदलले गेले आहेत. भाग बदलणे हे नव्याने बसवण्यासारखेच धरले जाते. तरी हे दोन्ही बोल्ट सप्टेंबरअखेर काढून टाकावे लागतील. खाली सीमाची सही.

शिवाजी म्हणाला, "मी रोज लोकांच्या नळाचे वॉशर बदलतो. कुणी म्हणतं का, नवीन नळ बसवला म्हणून?"

"फोन केला होता मी तिला," नंदन म्हणाला. "म्हणते, काका, पर्सनली मला खूप वाईट वाटतंय, पण पॉलिसी आहे. हँगरला हात लावला नसता तर काहीच प्रॉब्लेम नव्हता."

"म्हणजे गंजू दिला असता तर चाललं असतं."

"हो."

"आणि तारीख लिहिली नसतीस तर?"

नंदनने फोन खिशात ठेवला. मी त्याच्या पाठीला टेकून होतो. मला वाटले, आता तो चिडेल, भांडेल, अपील करेल. त्याने अपील केलेही. ऑगस्टमध्ये ते फेटाळल्याचे कळले. तेव्हा शिवाजीने ओट्यावर येऊन एवढेच सांगितले, "काढायला मी येणार नाही. तू लिहून दिलंस, तूच काढ." वीस वर्षे एकमेकांच्या दोरावर जीव टाकणारी ती माणसे, त्या दिवशी एकामागून एक उतरली आणि वाटेला लागली तीही एकमेकांपासून लांब लांब चालत.

खात्याने माणसे पाठवून मला कापून टाकले असते, तरी मी समजू शकलो असतो. त्यांचे-माझे नाते काय होते? पण नंदनने कळवले की मीच काढतो. बाहेरचे लोक कातळ फोडतील, मी स्वच्छ काढीन. मित्रांनो, या सगळ्यात मला सर्वांत जास्त काय लागले असेल तर हे. त्याला कामात नीटनेटकेपणा हवा होता, मला उपटण्याच्या कामातसुद्धा.

सप्टेंबरच्या एका स्वच्छ सकाळी तो आणि जाई वरून दोर सोडून ओट्यावर उतरले. त्यासाठी आदला पूर्ण दिवस त्यांना मागच्या बाजूने डोंगर चढावा लागला होता. जाई आता अठरा वर्षांची. तिने सवयीने हात पुढे केला आणि मला हलवून बघितले. मी हललो नाही.

"इट्स सॉलिड, बाबा," ती म्हणाली.

"माहितेय मला."

"अँड यू गेव्ह देम द डेट."

"खरी होती ती."

"नोबडी आस्क्ड यू टु बी दॅट ऑनेस्ट."

"फॉर्ममध्ये कॉलम होता, जाई."

ती पाइनच्या बाजूला जाऊन, त्याच्याकडे तोंड करून बसली आणि शेवटपर्यंत वळली नाही. तिने हातोड्याला हात लावला नाही.

नंदनने नट काढले. नवी पट्टी सुटली. मग माझ्या आणि कातळाच्या मध्ये दोन पातळ पाचरी घालून तो ठोकू लागला. राखीव प्रदेशात मोटरचे यंत्र चालत नाही, त्यामुळे जसे हाताने बसवले तसेच हाताने काढायचे होते. माझा जोडीदार आधी गेला. तो मध्येच मोडला आणि त्याचे अर्धे शेपूट आतच राहिले. त्याला कुणी बाहेर काढू शकले नाही, तो अजून तिथेच आहे. मला दोन तास लागले. मी धरून ठेवले होते. मला तेवढेच येते, आणि तेच मला बसवताना त्याने शिकवले होते. त्याच्या बोटांना रक्त आले. शेवटी मी सुटलो तेव्हा तो मागे बसला आणि मला मुठीत धरून राहिला. त्याला रडू येत होते. मला त्याची कीव आली नाही. खोटे कशाला बोलू?

त्याने भोकात राळ भरली, वरून त्याच कातळाची भुकटी दाबली आणि अंगठ्याने सारखी केली. लांबून काय, हातभर अंतरावरूनही कळणार नाही की इथे कुणी होते. मग त्याने फोटो काढला आणि खात्याला पाठवला. उत्तर दोन दिवसांत आले. काम उत्तम झाल्याबद्दल आभार.

माणसे भाकरीवर चढायची थांबली का? नाही. ओटा तिथेच आहे आणि तिथून उतरायचेही आहेच. आता ते दोर पाइनला बांधतात. जाईच्या मैत्रिणीने पाठवलेला फोटो मी या टेबलावरूनच पाहिला. खोडाला लाल, निळ्या, पिवळ्या कापडी पट्ट्यांचे वेढे आणि त्यांच्याखाली साल निघालेली. त्यावर नियम नाही, कारण झाड माणसाने बसवलेले नाही.

मला वाटले होते, गोष्ट इथे संपली. पण गेल्या आठवड्यात त्या खात्याचे आणखी एक पत्र आले. नंदनने ते प्रिंट करून माझ्या शेजारी ठेवले. आपल्या सहकार्याचा अनुभव चांगला आल्यामुळे, पुढच्या खोऱ्यातल्या कड्यावरील बोल्टांची माहितीही आपण द्यावी. त्या कड्याला हे 'पाटा' म्हणतात. तिथे दोन हजार आठ साली नंदनने आणि शिवाजीनेच दोन बोल्ट मारले होते. नंदनने वही उघडली. त्या पानावर त्याच्याच अक्षरात लिहिले होते की दोन्ही नट सैल होत आहेत, पट्ट्या गंजल्या आहेत, येत्या उन्हाळ्यात बदलायच्या. त्याने ते दोनदा वाचले. मग पेन उचलले आणि फॉर्मच्या रकान्यात लिहिले की या कड्यावर एकही बोल्ट असल्याचे माहीत नाही.

एवढी वर्षे मी त्याला ओळखतो. त्याने एक मिलिमीटरही कधी खोटा लिहिलेला नव्हता.

मग त्याने वहीतले ते पान फाडले. नव्या पट्ट्या त्याने मागवल्याच होत्या. त्या खोक्यातच राहिल्या. बदलायला गेले आणि कुणी पाहिले तर गुन्हा, बदलून सांगितले तर उपटा, म्हणून तो आता जाणारच नाही. शिवाजी बोलत नाही, त्यामुळे तोही जाणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना आमची काळजी घ्या म्हणून विनवतात. मी कोणत्या तोंडाने विनवू? माझी काळजी घेतली गेली होती, म्हणूनच तर मी इथे आहे. मी तुमच्याकडे दुसरेच काही मागतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कुणी खुर्चीत बसेल, नियम लिहील, फॉर्ममधले रकाने आखील. जंगल जरूर राखा. पण जो माणूस स्वतःहून येऊन सांगतो की मी हे दुरुस्त केले, या तारखेला केले, त्याला त्याच तारखेने पकडू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो दुरुस्तही करणार नाही आणि सांगणारही नाही. आणि तुमच्याकडच्या कागदावर सगळे स्वच्छ दिसेल.

काल जाई खाली बेसमेंटमध्ये आली होती. या उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर पाट्यावर जायचे म्हणत होती.

"तिकडे नको जाऊस," नंदन म्हणाला.

"व्हाय?"

"नको म्हणतोय ना."

तिने बापाच्या तोंडाकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. ती जाणार नाही. पाट्यावर दर उन्हाळ्यात शे-दीडशे माणसे चढतात, आणि त्यांच्यातल्या कुणालाही ते दोन नट सैल असल्याचे कुणी सांगितलेले नाही.